बाईंना विचारा : मुंबईत सावली कुठं मिळेल?

मुंबईतल्या बागांबद्दल काही विचारायचं असेल तर लिहा, असं गेल्या अंकात म्हटलं होतं. पत्रांचा ढीग पडला. त्यातल्या निम्म्याहून जास्त पत्रांत ‘मुंबईतली सगळ्यात सुंदर बाग कोणती?’ एवढी एकच ओळ आहे. ती पत्रं मी बाजूला ठेवली. बाग कोणासाठी हवी, किती वाजता जाणार, सोबत कोण, गुडघे कसे आहेत, हे कळल्याशिवाय काय डोंबल सांगणार? ज्यांनी हे नीट लिहिलं, त्यांना उत्तरं दिली आहेत. मी परळच्या पालिका शाळेत भूगोल आणि विज्ञान शिकवलं. पोरांच्या सहली घेऊन बागा पालथ्या घातल्या, तेवढंच माझं भांडवल. तेव्हा मध्य मुंबईला झुकतं माप दिसलं तर समजून घ्या.

‘बाई, सासरे संगमेश्वरजवळच्या गावाहून आमच्याकडे लोअर परळला राहायला आलेत. वय 76. आम्ही एकोणिसाव्या मजल्यावर. दिवसभर खिडकीशी बसतात आणि “मला कोंडवाड्यात घातलंत” म्हणतात. गुडघ्यांमुळं फार चालवत नाही. रविवारी त्यांना कुठं न्यावं?’ — एक सूनबाई

राणीच्या बागेत न्या. पाटीवर वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान असं नाव आहे, पण टॅक्सीवाल्याला राणीबाग म्हटलं की पुरतं. भायखळा स्टेशनच्या पूर्वेला उतरून चालत जाता येतं, तरी तुम्ही घरापासून टॅक्सीच करा. गुडघ्यांची ताकद आत वापरायची आहे, ती पुलाच्या पायऱ्यांवर घालवू नका.

पेंग्विनच्या रांगेत मात्र सासऱ्यांना उभं करू नका. पेंग्विन 2016 साली आले आणि तेव्हापासून राणीबाग म्हणजे पेंग्विन असं होऊन बसलं आहे. रविवारी तिथली गर्दी बघून तुमच्या सासऱ्यांना परत एकोणिसावा मजला आठवेल. राणीबाग मुळात झाडांची बाग. 1862 साली ती लोकांसाठी उघडली. प्राण्यांचे पिंजरे नंतर आले. आत तीन हजारांवर झाडं आहेत आणि त्यांतली कित्येक देशोदेशीची. गावाकडच्या माणसाला झाड दाखवावं लागत नाही, तोच तुम्हाला दाखवतो. तुम्ही फक्त त्यांच्या चालीनं चाला, आणि ते एखाद्या बुंध्याशी थांबले की ‘चला ना बाबा’ म्हणू नका.

दोन झाडं तेवढी विचारून शोधा. एक उर्वशी. मूळची ब्रह्मदेशातली. हिवाळा सरता सरता तिला लांब देठांचे लाल झुबके लोंबतात आणि पाकळ्यांच्या टोकाला पिवळा ठिपका असतो. फुलं नसली तरी कोवळी पानं बघा. तांबूस आणि मलूल, खाली मान घालून लोंबतात. माझ्या वर्गातल्या एका मुलीनं विचारलं होतं, ‘बाई, हिला पाणी घातलं नाही का?’ पानं तशीच येतात आणि मग हळूहळू हिरवी होऊन ताठ होतात. दुसरं कैलासपती. फुलं फांदीच्या टोकाला न येता थेट बुंध्यावर येतात, मधे पिंड आणि वर फणा. तुमचे सासरे तिथं हात जोडतील. जोडू द्या, पण त्या झाडाखालच्या बाकड्यावर बसू देऊ नका. फळ चांगलं डोक्याएवढं होतं आणि पडताना सांगून पडत नाही. गोरखचिंचही आहे. तिच्या खोडाला त्यांनी हात लावून बघावा.

फोर्टातल्या काळा घोडा भागाला ज्याच्यावरून नाव पडलं, तो खरा काळा घोड्याचा पुतळा बागेतच उभा आहे, वर बसलेल्या राजा एडवर्डसकट. फोर्टातून त्याला 1965 साली इथं आणलं. शेजारी भाऊ दाजी लाड संग्रहालय. त्याच्या आवारात घारापुरीचा दगडी हत्ती आहे. पोर्तुगीजांनी त्या बेटाला एलिफंटा नाव दिलं ते याच हत्तीवरून. इंग्रज त्याला विलायतेला न्यायला निघाले होते. उचलताना तो फुटला म्हणून राहिला. सासऱ्यांना ही गोष्ट आवडेल, कोकणातल्या माणसाला साहेबाची फजिती आवडतेच.

बुधवारी बाग बंद असते. बुधवारी सार्वजनिक सुट्टी आली तर उघडी ठेवतात आणि दुसऱ्या दिवशी बंद. तिकीट खिडकी संध्याकाळी लवकर बंद होते, तेव्हा दुपारची झोप काढून निघालात तर फाटकावरूनच परत याल. सकाळी उघडताच जा.

आता तुम्ही न विचारलेलं सांगते. रविवारच्या एका फेरीनं कोंडवाडा सुटत नाही. त्यांना रोजची बाग हवी, घरापासून सातआठ मिनिटांवरची, मग ती कितीही फुटकळ असू दे. एक रेन ट्री, चार बाकडी आणि चालू स्थितीतलं स्वच्छतागृह, एवढं असलं की भागतं. स्वच्छतागृह आधी तुम्ही स्वतः बघून या. म्हातारी माणसं बागेत जायचं टाळतात त्याचं खरं कारण बहुतेक वेळा तेच असतं आणि ते सुनेला सांगत नाहीत. संध्याकाळी पाचच्या सुमाराला अशा बागेत निवृत्त लोकांचा एक ठरलेला कंपू बसलेला असतो. पहिले काही दिवस सासऱ्यांशी कोणी बोलणार नाही, जागाही देणार नाही. मग एक दिवस कोणीतरी विचारेल, ‘गाव कुठलं?’ त्यानंतर त्यांना जेवायला वर बोलवायला तुम्हालाच खाली यावं लागेल.

‘मी सहावीत आहे. आमच्या बिल्डिंगसमोरच्या बागेत बॉल नेला की वॉचमन काका काढून घेतात. “ही बाग आहे, मैदान नाही” म्हणतात. मग मैदान कुठे आहे?’ — घाटकोपर

अरे, प्रश्न अगदी मुद्द्याचा विचारलास. काकांचं म्हणणं कागदावर बरोबर आहे. शहराचा विकास आराखडा असतो, त्यात मोकळ्या जागांवर वेगवेगळ्या खुणा असतात. काहींवर उद्यान, काहींवर खेळाचं मैदान, काहींवर मनोरंजन मैदान. उद्यानात झाडं आणि बाकडी, मैदानात तुम्ही. पण या शहरात 2011 च्या जनगणनेत सव्वा कोटीच्या आसपास माणसं मोजली गेली, आणि सगळ्या बागा-मैदानं त्यांच्यात वाटली तर माणशी सव्वा चौरस मीटर जागा येते असं सांगतात. म्हणजे तुमच्या वर्गातलं एक बाक. एका बाकावर क्रिकेट कसं खेळणार?

दक्षिणेकडची पोरं नशीबवान. त्यांना ओव्हल, आझाद, क्रॉस अशी मैदानं सलग मिळाली. दादरला शिवाजी पार्क आहे. 1925 सालापासून ती जागा लोकांसाठी खुली आहे, आणि नाव पार्क असलं तरी ते चोख मैदान. तुला तिकडं रोज जाता येणार नाही. म्हणून असं कर. चारपाच मित्रांच्या सह्या घेऊन पालिकेच्या एन विभागाच्या, म्हणजे तुमच्या घाटकोपरच्या, सहायक आयुक्तांना अर्ज लिही. शुद्धलेखन तपासून घे. ‘आमच्या घराजवळचं खेळाचं मैदान कोणतं आणि ते किती ते किती उघडं असतं, हे लेखी कळवावं’ एवढंच विचार. तक्रार करू नकोस, नुसती विचारणा कर. लेखी उत्तर आलं की ते आईबाबांना दाखव, पुढं काय करायचं ते त्यांना कळेल. आणि तोवर बागेत प्लॅस्टिकचा चेंडू न्या. काका त्याकडे काणाडोळा करतात, असा माझा सहलींचा अनुभव आहे.

‘आम्ही सांगलीचे. दिवाळीच्या सुट्टीत दोन मुलींना (9 आणि 6 वर्षं) घेऊन मुंबईला येतोय. एक संध्याकाळ मलबार हिलसाठी ठेवली आहे. हँगिंग गार्डन आणि म्हातारीचा बूट, दोन्ही होईल का?’

होईल. दोन्ही समोरासमोर आहेत, मधे फक्त रस्ता. पण संध्याकाळ म्हणजे चार वाजता पोचा, सहाला नव्हे. सहाला पोचलात तर टॅक्सी चढावर अडकेल आणि मुली गाडीतच झोपतील.

आधी हँगिंग गार्डन. खरं नाव फिरोजशहा मेहता उद्यान. ‘लोंबतं काहीच नाही की हो’ असं प्रत्येक पाहुणा म्हणतो. तुमच्या मुलीही म्हणतील. त्यांना सांगा, आपण पाण्याच्या टाकीवर चालतोय. हिरवळीखाली मलबार हिलचा जलाशय आहे. इंग्रजांच्या काळात, 1880 च्या सुमारास बांधलेला. दक्षिण मुंबईचं नळाचं पाणी त्यातून जातं. मध्यंतरी तो पाडून नव्यानं बांधायचा घाट घातला होता. शेकडो झाडं जाणार होती आणि बाग काही वर्षं बंद राहणार होती. रहिवासी उठले, तज्ज्ञांची समिती नेमली गेली आणि मग दुरुस्तीवर आलं. ही बाग मला तिच्या कातरलेल्या हत्ती-जिराफांपेक्षा या टाकीमुळं आवडते. झुडपांचे प्राणी मुलींना आवडतील. माळी मोठी कात्री घेऊन काम करताना दिसला तर तिथं पाच मिनिटं थांबा. हत्तीचा कान कसा राखतात ते बघण्यासारखं असतं.

मग रस्ता ओलांडून कमला नेहरू पार्क. म्हातारीचा बूट, म्हणजे मुलांना आत चढता येईल असं बुटाच्या आकाराचं घर, तिथंच. वर मुलांना सोडतात, मोठ्यांना खाली थांबवतात. तेव्हा सहा वर्षांचीला नऊ वर्षांचीच्या ताब्यात द्या आणि आपण कठड्याशी उभं राहून चौपाटी नि मरीन ड्राइव्हचं वळण बघा. दिवे लागायच्या आधी आणि नंतर, दोन्ही वेळा बघा.

याच पार्कामागच्या उतारावर मार्च 2025 मध्ये लाकडी पायवाट उघडली आहे. 485 मीटर लांब, झाडांच्या शेंड्यांच्या उंचीवरून जाणारी. तिकीट आहे आणि वेळा ठरवून दिलेल्या असतात, तेव्हा सांगलीहून निघायच्या आधीच ऑनलाइन नोंदणी करा. मलबार हिलवर इतकं जंगल उरलंय हे मुंबईकरांनाही तिथं गेल्यावर कळतं. एक गोष्ट मात्र मला खटकते. तिथं निम्मे लोक झाडांकडे पाठ करून मोबाइल समोर धरून उभे असतात आणि मागच्यांची रांग तुंबते. मुलींना पक्षी दिसला तर त्यांनी आधी तो डोळ्यांनी बघावा.

खाण्याचं म्हणाल तर वर भेळ नि कणसं मिळतात. पण भूक राखून ठेवा, खाली चौपाटीवर उतरायचंच आहे.

‘माझं लग्न ठरलंय. होणारा नवरा कल्याणला, मी चेंबूरला, घरात माणसंच माणसं. कुठल्याही बागेत बसलं की शिट्टी वाजते. आम्ही बोलायचं कुठं?’

शिट्टीचा मलाही राग आहे. फाटकावरच्या नियमांच्या पाटीत ‘बोलू नये’ एवढंच लिहायचं बाकी राहिलंय. गंमत अशी की बाग जितकी आडबाजूची तितकी शिट्टी जास्त. म्हणून कोपरे शोधू नका, चारचौघांत बसा. शिवाजी पार्कचा कट्टा घ्या. मैदानाभोवती किलोमीटरभर लांब आहे, त्यावर आजोबा, कॉलेजची पोरं, कुत्र्याला फिरवणारे आणि तुमच्यासारखे सगळे एका ओळीत बसतात. कोणी ढुंकून बघत नाही. दादर तुम्हा दोघांनाही सोयीचं. तो मध्य रेल्वेनं सरळ येईल, तुला कुर्ल्याला गाडी बदलावी लागेल.

कामाच्या दिवशी दुपारी फोर्टात भेटत असाल तर हॉर्निमन सर्कल. समोर एशियाटिक ग्रंथालयाच्या पायऱ्या, भोवती बँका, मधे गोल बाग आणि मोठाले वृक्ष. जेवणाच्या सुट्टीत कारकून डबे घेऊन येतात. ज्यांचं नाव बागेला दिलंय ते बेंजामिन हॉर्निमन ‘बॉम्बे क्रॉनिकल’चे संपादक होते. जालियनवाला बागेच्या बातम्या छापल्या म्हणून इंग्रज सरकारनंच या इंग्रजाला देशाबाहेर काढलं. बोलायला विषय संपले तर हा एक आहे. पण लग्न ठरल्यावर विषय संपायचे नसतात, याद्या व्हायच्या असतात.

‘मी शाळेत विज्ञान शिकवतो. मुलांना घेऊन एक दिवसाची सहल काढायची आहे. राष्ट्रीय उद्यान दूर पडतं. शीवच्या आसपास काही आहे का?’

आहे, आणि शाळा ते विसरतात. महाराष्ट्र निसर्ग उद्यान. शीव-वांद्रे जोडरस्त्यावर, एका बाजूला धारावी, दुसऱ्या बाजूला मिठी नदी. 37 एकर. सर, ही जागा म्हणजे शहराची कचराभूमी होती. 1970 च्या दशकात तिथं कचरा टाकणं थांबलं, 1983 पासून झाडं लावायला सुरुवात झाली आणि 1994 साली, 22 एप्रिलला, वसुंधरा दिनी उद्यान लोकांसाठी उघडलं. मुलांना फाटकातून आत गेल्या गेल्या हे सांगू नका. आधी तासभर फिरू द्या. फुलपाखरं मोजायला लावा, ओढ्याकाठचं खारफुटीचं झाड दाखवा. मग कुठंतरी सावलीत बसवून विचारा, ‘आपण कशावर बसलोय?’ एकालाही उत्तर येणार नाही. मग सांगा. कचऱ्यावर माती पसरून जंगल उभं करायला काय काय लागलं असेल, मुळं खाली कुठवर गेली असतील, पावसाचं पाणी कचऱ्यातून झिरपून कुठं जात असेल, हे सगळं त्यांनाच विचारा. वर्गात ‘अन्नसाखळी’ शिकवताना जांभया देणारी पोरंही इथं हात वर करतात.

शाळेच्या लेटरहेडवर आधी पत्र देऊन ठेवा, म्हणजे माहिती सांगणारं माणूस मिळतं. जून संपता संपता किंवा सप्टेंबरात न्या. भर पावसात वाटा निसरड्या होतात आणि डास मुलांना सोलून काढतात. सँडल नको, बूट हवेत. परतताना बस पुलावर आली की मुलांना मिठीकडे बघायला सांगा. तिथलं काळं पाणी बघून जे प्रश्न विचारतील, त्यांची उत्तरं तयार ठेवा.

‘आमच्या कोपऱ्यावरच्या बागेत नूतनीकरण झालं. रंगीत लाद्या, दिवे, व्यायामाची यंत्रं सगळं आलं. पण मधला मोठा रेन ट्री वाळत चाललाय. कोणी म्हणतं रोग, कोणी म्हणतं लाद्या. खरं काय?’ — चेंबूर

दोन्ही असू शकतं. मुंबईतले रेन ट्री गेली काही वर्षं पिठ्या ढेकणानं हैराण आहेत. पानांच्या मागं आणि कोवळ्या फांद्यांवर कापसासारखं पांढरं चिकटलेलं दिसलं तर तो आहे असं समजा. रस शोषला जातो, पानं झडतात, फांदी सुकते आणि असे मोठाले वृक्ष शहरात ठिकठिकाणी मेले आहेत.

पण आधी बुंध्याशी वाकून बघा. लाद्या खोडाला अगदी चिकटवून बसवल्या असतील तर झाडाचा गळा आवळला आहे. मुळांना पाणी नि हवा दोन्ही बंद. असं झाड आधीच अर्धमेलं असतं, मग कीड येते ती निमित्ताला. बुंध्याभोवती निदान हातभर माती मोकळी हवी, दोन हात असेल तर उत्तम. कंत्राटात लाद्यांचे चौरस फूट मोजून पैसे मिळतात, मोकळ्या मातीचे मिळत नाहीत, हे यातलं इंगित.

विभाग कार्यालयात उद्यान खात्याचा माणूस असतो, त्याला लेखी द्या. सोबत तीन फोटो जोडा. एक बुंध्याचा, एक पानाच्या पाठीचा, एक पूर्ण झाडाचा. ‘लाद्या काढून माती मोकळी करावी आणि किडीची तपासणी व्हावी’ असं लिहा. ‘झाड धोकादायक आहे’ हा शब्दप्रयोग चुकूनही करू नका. तो लिहिलात की करवतच येते. हे झाड 1975 च्या वृक्ष संरक्षण कायद्याखाली येतं, परवानगीवाचून कोणाला तोडता येत नाही. पण परवानगी मागायला आपणच कारण पुरवायचं कशाला?

आणि संध्याकाळी झाडाकडे बघत चला. रेन ट्रीची पानं दिवेलागणीला मिटतात. जिवंत फांद्यांची मिटतील, मेलेल्या फांद्यांवर मिटायला पानंच नसतील. किती फांद्या शिल्लक आहेत याचा हिशेब तुम्हाला खालून, शिडी न लावता कळेल.

‘सोमवारी सुट्टी असते. बोरिवलीच्या नॅशनल पार्कात जाऊ का?’

नको. सोमवारी ते बंद असतं. सुट्टी बदलून घ्या आणि कान्हेरीच्या लेण्यांपर्यंत जायचं असेल तर सकाळीच निघा.

‘माटुंग्याला कॉलेजात आहे. फाइव्ह गार्डन्सजवळच्या रस्त्यांवर उन्हाळ्यात पिवळ्या फुलांचा सडा पडतो. तो बहावा का? आणि बागा पाचच का?’

बहावा असेल तर फुलांचे घोस खाली लोंबतील. तू जे पाहतोस ते बहुधा सोनमोहोर, काहीजण पीतमोहोर म्हणतात. त्याचे तुरे वर, आभाळाकडे तोंड करून असतात, आणि नंतर तांब्याच्या रंगाच्या चपट्या शेंगा झाडभर राहतात. शेंगा दिसल्या की शंका उरणार नाही. परीक्षा संपल्यावर, मेच्या सुरुवातीला सकाळी सात वाजता जा. झाडूवाली यायच्या आत.

बागा पाच कारण आखणीच तशी आहे. 1896 च्या प्लेगनंतर दाटीवाटीची वस्ती फोडायला मुंबईत सुधार ट्रस्ट नेमला गेला आणि त्यानं दादर-माटुंग्याला नवे रुंद रस्ते पाडले. तिथं पारशी कॉलनी उभी करणारे मंचेरजी जोशी यांचं नाव आज या बागांना आहे. रस्ते बागांच्या मधून गेले म्हणून एकीचे पाच तुकडे दिसतात. एका तुकड्यात मुलं खेळतात, एकात लोक फेऱ्या मारतात. अभ्यासाला बसायचं असेल तर दुपारी ये. संध्याकाळी तिथं कोणाचंही पुस्तक दोन पानांपुढं जात नाही.